खारा वारा सोसणारी झाडं

अनंतचतुर्दशीनंतरच्या मंगळवारी आनंदीनं सातेरीला कौल लावला. बाबली गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि नेहमीच्या ठसक्यात गाऱ्हाणं घातलं, की ह्यां तुझां लेकरू पदर पसरून उभां आसा, तेच्या चेडवाक न्हेवक जावय येतलो काय तां सांग, येतलो तर उजवी दी. म्हणणं संपतंय न संपतंय तोच उजव्या खांद्यावरची पाकळी टपकन खाली आली.

"दिल्यान गो आनंदी," बाबली म्हणाला. "रवाक पण नाय, लगेच दिल्यान."

आनंदीनं ती पाकळी पदराच्या टोकाला बांधली. परतताना वाटभर तिचे डोळे गळत होते. दीड महिना ती ह्याच एका गोष्टीसाठी उपास काढत होती: मुलगी आपल्या घरी मानानं परत जावी.

तशी ती देवाधर्माची बाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे, सोमवार-शनिवार एकवेळ, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी आणि घरात अखंड दिवा. आवाज इतका मऊ, की आचऱ्याच्या वाटेवरच्या तिच्या रोपवाटिकेत आलेलं गिऱ्हाईक किंमत ऐकायला पुढे वाकायचं. नवरा गेल्यावर नऊ वर्षं तिनं ती वाटिका एकटीनं चालवली, जोडीला शेजारची लक्ष्मी. फुलझाडं थोडी. तिचा जीव पानांच्या झाडांवर. क्रोटनचे अकरा प्रकार तिच्याकडे होते, आणि कुठलं कुठल्या उन्हात कुठल्या रंगावर जातं हे ती डोळे मिटून सांगायची.

आणि नेमकी तिथंच तिची चूक झाली होती, असं तिला वाटत होतं.

रिया नागपंचमीला आली ती माहेरपणाला नव्हे. एसटीतून उतरली तेव्हा तिच्या हातात एकच पिशवी होती आणि दुसऱ्या हाताचं मनगट नीरफणसासारखं सुजलं होतं. डॉक्टरांनी हाड मोडलंय म्हणून प्लास्टर घातलं. चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी कुंड्या धुताधुता, कोणाला तरी वाण्याची यादी सांगावी तशा सुरात तिनं सगळं सांगितलं.

तोंडवलीच्या किनाऱ्यावर तिच्या नवऱ्याचं, सुशांतचं, चार खोल्यांचं पर्यटक निवास. खोल्यांभोवती सहा वाफे. दोन समुद्राच्या तोंडावर, दोन वाटेच्या कडेला, दोन मागं उंडीच्या झाडांच्या सावलीत. पाहुण्यांनी त्या वाफ्यांसमोर उभं राहून फोटो काढावेत, ही सुशांतची फार हौस. गेल्या दिवाळीआधी आनंदीनं लेकीच्या संसाराला म्हणून टेम्पोभर झाडं पाठवली. कोलियस, रंगीत अळवं, नाजूक पानांची, नजर ठरणार नाही अशी. दोन महिन्यांत खाऱ्या वाऱ्यानं त्यांची पानं कागद जळावा तशी कडेनं काळी पडत गेली.

समोरचा पहिला वाफा गेला तेव्हा सुशांतनं एक रोप मुळासकट उपटलं आणि मातीच्या गड्ड्यासकट रियाच्या तोंडावर मारलं. पाहुणे वर खोलीत जेवत होते. तिनं तोंड धुतलं आणि त्यांना सोलकढी वाढली. दुसरा वाफा गेला तेव्हा पाणी घालायचा पाईप. तो पाठीवर. मग तिनं मोजायचं सोडलं. सासरा पुढच्या पडवीत टीव्हीचा आवाज मोठा करायचा. नागपंचमीच्या तोंडावर पावसात शेवटचा वाफा कुजला, त्या दिवशी सुशांतनं तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढलं. हाड मोडल्याचा आवाज तिला दाराचाच वाटला, इतकंच तिनं वेगळं सांगितलं.

 ऐकताना आनंदीला एकच विचार सुचला, आणि तिनं तो गच्च धरला. झाडं मी दिली. चुकीची दिली. बरोबर झाडं दिली असती तर वाफे हिरवे राहिले असते, वाफे हिरवे राहिले असते तर त्याचा हात उठला नसता. माणसाचा स्वभाव बदलणं तिच्या हातात नव्हतं. झाडं निवडणं होतं.

तेव्हापासून तिनं एक उद्योग मांडला. कोळंबच्या रिक्षावाल्याकडून समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन आणवले. प्रत्येक जातीची एकेक कुंडी वेगळी ओळीत काढली, आणि रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी त्या ओळीवर ते खारं पाणी शिंपायला लागली. एकवीस दिवस. लक्ष्मीनं पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून विचारलं, लोणचां घालतंस की काय झाडांचां? आनंदी हसली नाही. चौथ्या दिवशी कोलियस गेलं, सातव्याला सिंगोनियमनं मान टाकली. जाड पानांचं पिवळं क्रोटन तसंच उभं राहिलं, त्याच्या पानावर मिठाची पांढरी पूड दिसायची. रिओ टिकला. स्नेक प्लांटला तर काही झालंच नाही. पट्ट्यापट्ट्यांचा शोभेचा केवडाही तगला, पण त्याच्या काट्यांनी ती शिंपताना रोज ओरबाडली जायची.

रिया सावलीच्या जाळीखाली बसून हे बघायची. पंधराव्या दिवशी ती म्हणाली, "आये, जां सोसतला तांच थंय पाठवतलंस, व्हय मा?"

"व्हय तर," आनंदी म्हणाली, आणि मुलीच्या डोळ्यांकडे न बघता पुढच्या कुंडीवर पाणी शिंपलं.

कौल मिळाला त्याच्या तेराव्या दिवशी सुशांतचा फोन आला. घटस्थापना होऊन गेली होती. आवाज साखरेचा. दिवाळीचं बुकिंग सुरू झालंय, सहाही वाफे नव्यानं लावायचेत, झाडं तुमच्याच हातची हवीत. आणि येतोच आहे तर रियालाही घेऊन जाईन, गाडी जाणारच आहे, वेगळी खेप कशाला. आनंदीनं फोन ठेवला आणि देवघरात जाऊन अखंड दिव्यात तेल घातलं. थोडं तेल घटाशेजारी सांडलं.

दोन दिवस तिनं झाडं निवडली. समोरच्या दोन वाफ्यांना मागच्या ओळीत पिवळं क्रोटन, पुढं स्नेक प्लांट, काठाला जांभळ्या पोटाचा रिओ. वाटेला आरेलियाची बुटकी कड. उंडीखाली ॲग्लोनिमा, तिथं वारा पोचत नाही. एकशे चाळीस पिशव्या तिनं वाफ्यावार मांडून ठेवल्या, प्रत्येक गटाच्या पहिल्या रोपाला लाल दोरा बांधला म्हणजे लावताना गोंधळ नको. मग आत जाऊन रियाची पिशवी भरली. रियानं भरायला मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

चौथ्या माळेच्या सकाळी दहाला पिकअप रस्त्यावर येऊन थांबली. चालक आत बसून राहिला. सुशांत उतरला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मालवणी खाजाचा पुडा. त्यानं आनंदीच्या पायांना हात लावला. तिच्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाला, "आई, तुम्ही अजून सगळं पाळता. बरं वाटतं." पाहुण्यांशी बोलून त्याची भाषा शहरी झाली होती. रागावला की तो मालवणीवर यायचा, असं रिया सांगत असे.

रियाची चौकशी त्यानं केली नाही. झाडं बघू म्हणाला.

एका कुंडीत रोपाला आधार म्हणून रोवलेली बांबूची काठी त्यानं जाताजाता उपटून घेतली. ते रोप आडवं झालं. आनंदीनं वाकून ते सरळ केलं आणि त्याच्यामागून चालू लागली. ती हळू आवाजात समजावत होती, हे मी एकवीस दिवस खाऱ्या पाण्यावर पारखलंय, ह्याला काही होणार नाही. त्यानं काठी फिरवली आणि क्रोटनचा शेंडा उडवला.

"एवढं वाढतं? मला गुडघ्याखाली पाहिजे."

छाटलं की राहील, ती म्हणाली. त्यानं पुढच्याचाही शेंडा उडवला. मग त्याच्या पुढच्याचा. तुटल्या जागेतून पांढरा चीक ओघळायला लागला. स्नेक प्लांटचं एक पान त्यानं बोटांत धरून कडकन मोडलं, आतला गर बघितला आणि टाकून दिलं. रिओवर बुटाची टाच ठेवून फिरवली, हा पायाखाली टिकेल का, पाहुण्यांची पोरं वाफ्यात शिरतात. जी झाडं त्याला आवडत होती त्यांनाही तो असंच करत होता. आनंदीच्या ते लक्षात आलं. त्याला न आवडलेलं झाड आणि आवडलेलं झाड ह्यांत त्याच्या हाताला फरक कळत नव्हता.

तरी ती बोलत राहिली. उंडीखालच्या वाफ्यांचं सांगत राहिली.

जाळीच्या टोकाला सावलीत, गडग्याला, म्हणजे जांभ्या दगडांच्या कुंपणाला लागून, डिफेनबेकियाच्या सात-आठ मोठ्या कुंड्या होत्या. हातभर रुंद हिरवी पानं, त्यांवर दूध शिंतोडल्यासारखे ठिपके. सुशांत तिथं थांबला. हे खोल्यांच्या पायऱ्यांशी दोन्ही बाजूंना पाहिजे, म्हणाला.

आनंदीनं नकाराची मान हलवली. ते झाड ती पोरंबाळं येणाऱ्या जागी कधीच देत नसे. मुकं झाड म्हणायची ती त्याला. पान चावलं तर कच्च्या अळवाच्या शंभरपट खाज, जीभ सुजून तोंडात मावत नाही, आवाज जातो, लहान पोराचा तर श्वास अडकेल. हे सगळं तिनं त्याला सांगितलं.

तो हसला. "मग घरात एक असायलाच पाहिजे."

तेवढ्यात पलीकडे कुंडी ठेवल्याचा आवाज झाला. रिया तिथं उभी होती. तिची वेणी पाठीवर, डावं मनगट अजून बारीक दिसणारं. सुशांतनं तिच्याकडे आज पहिल्यांदा बघितलं.

"चल. सामान घे."

"मी येवचंय नाय," रिया म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे आनंदीकडे वळले. आता तुम्ही बघा, असं ते डोळे म्हणत होते. आनंदी घाईनं पडवीत गेली, भरलेली पिशवी घेऊन आली आणि मुलीच्या हातात द्यायला लागली. हात धरून समजावलं, ह्या वेळी झाडं बरोबर आहेत बाय माझी, एक पण मरायचं नाही. मग तिनं तिच्याजवळ होतं ते सगळ्यांत मोठं सांगितलं. "देवीन कौल दिल्यान गो. मी इचारलंय. उजवी दिल्यान."

रियानं पिशवी घेतली नाही. "काय इचारलंस?"

"जावय न्हेवक येतलो काय म्हणान."

"इलो मा तो," रिया म्हणाली. "देवीन खरां सांगल्यान. माका पाठव म्हणान खंय सांगल्यान?"

 बाबलीचं गाऱ्हाणं आनंदीच्या कानात शब्दन्शब्द उमटलं. येतलो काय. तिनं तेवढंच विचारायला सांगितलं होतं. पाठवू का, हे तिनं विचारलंच नव्हतं. विचारायची तिला भीती वाटली असावी. देवीनं विचारलं त्याचं उत्तर दिलं, आणि पुढचं सगळं तिनं स्वतःच्या मनानं लिहून देवीच्या नावावर घातलं. आयुष्यात शेकडो कौल तिनं बघितले होते. असा खोटेपणा तिनं कधी केला नव्हता.

तिनं पिशवी जमिनीवर ठेवली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तुमी झाडां घेवन जावा. चेडू येवचां नाय."

सुशांतनं हातातली काठी आडवी फिरवली. ती आनंदीच्या गालफडावर बसली, कानापासून ओठापर्यंत. तिला दुखलं नाही, आधी नुसतं पांढरं दिसलं. मग तोंडात रक्ताची चव आली आणि ती कुंड्यांवर बसकी पडली. त्यानं रांगेतल्या कुंड्यांना लाथा घालायला सुरुवात केली. मातीच्या कुंड्या एकमेकींवर आपटून फुटत होत्या, खापऱ्या उडत होत्या, वाफ्यावार मांडलेल्या एकशे चाळीस पिशव्यांतून तो चालत गेला. लाल दोरे चिखलात गेले.

"माका नाय म्हणतंस? माका?" तो आता मालवणीवर आला होता. "आवशीच्या घरात वाघीण झालंस?"

लक्ष्मी रस्त्याकडे ओरडत धावली. पिकअपचा चालक खाली उतरला आणि तिथंच उभा राहिला. रिया घराकडे पळाली, पण ओल्या शेणखतावर पाय घसरला. सुशांतनं मागून तिची वेणी पकडली, मनगटाला दोन वेढे दिले आणि मान मागं ओढली. तिनं त्याच्या हाताला चावा घेतला. त्यानं तिचं डोकं जांभ्याच्या गडग्यावर आपटलं. एकदा, मग परत. कपाळ फुटून रक्त डोळ्यात आलं.

"तोंड चालता तुझां. थांब, तोंडच बंद करतंय."

डाव्या हातानं त्यानं डिफेनबेकियाचा शेंडा देठासकट मोडला. रियानं दात आवळले. त्यानं गुडघा तिच्या छातीवर दिला, तिचं तोंड श्वासासाठी उघडलं, आणि त्यानं पानं आत कोंबली. तळव्यानं दाबून धरली. मोडक्या देठातला रस तिच्या हनुवटीवरून गळ्यावर उतरला. ती ओरडत होती, पण आवाज पानांत अडकत होता, आणि थोड्या वेळानं तो आवाजही बदलला, घशात कोणी वाळू ओतल्यासारखा.

आनंदी उठली. खापऱ्यांवरून चालली, अनवाणी, तळवे कापले गेले ते तिला कळलं नाही. कोयता नेहमीच्या जागी, जाळीच्या खांबाला अडकवलेला होता. नवरात्र म्हणून तिनं चार दिवस त्याला हात लावला नव्हता, लोखंड लावून काही तोडायचं नाही हा तिचा जुना नेम. खांबाजवळ ती क्षणभर थांबली. तिनं देवीचं नाव घेतलं नाही. आता जे करायचं ते आपल्या नावावर, एवढंच तिला सुचलं.

गडग्यावर सुशांतची मूठ होती, मुठीत वेणी. आनंदीनं वेणीवर नेम धरून कोयता मारला.

नारळाच्या झावळीची पिढी तोडताना हाताला जसं आधी मऊ आणि मग कठीण लागतं, तसं लागलं. वेणी तुटली. तिच्यासोबत सुशांतच्या उजव्या हाताची दोन बोटं गडग्यावर राहिली. तो आधी ओरडलाच नाही. आपल्या हाताकडे, कोणा दुसऱ्याचा असावा तसा, बघत राहिला. मग रक्त उडालं, पांढऱ्या शर्टावर, ठिपक्यांच्या पानांवर, आनंदीच्या तोंडावर, आणि तो गुरासारखा हंबरला. तो तिच्यावर धावून आला. तिनं कोयता उलटा करून त्याच्या खांद्यावर हाणला, तो फुटक्या कुंड्यांत पडला. ती त्याच्यावर उभी राहिली आणि कोयता पुन्हा वर उचलला. ह्या वेळी धार खाली होती आणि नेम मानेवर.

तिचा उचललेला हात कोणीतरी धरला. रियाचा डावा हात होता तो, दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलेला. त्यात जोर नव्हता. तरी आनंदीला तो हलवता येईना. रियाचं तोंड फुगून वाकडं झालं होतं, जीभ दातांबाहेर आली होती, लाळेत हिरवं आणि लाल मिसळून गळत होतं. तिला बोलता येत नव्हतं. ती फक्त मान हलवत होती, नको, नको.

आनंदीनं कोयता सोडला.

पुढचं सगळं लक्ष्मीनं केलं. तिनं रियाच्या तोंडातली पानं बोटं घालून काढली, चूळ भरायला लावलं, गार दूध तोंडात धरायला दिलं, रिक्षात घातलं. चालकानं सुशांतचा हात टॉवेलात गुंडाळला, आणि बोटं? म्हणून विचारत गडग्याकडे आला. लक्ष्मीनं ती खाजाच्या पुड्यातल्या कागदात बांधून त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, ह्यां घे, पाहुण्यान आणलेलां परत न्हेवचां लागता. आयुष्यभर तिला ह्या बोलण्याची लाज वाटेल असं तिला नंतर वाटलं, पण ते नंतर.

मालवणच्या दवाखान्यात रियाच्या कपाळाला नऊ टाके पडले. जबाब घ्यायला आलेल्या पोलीस बाईंकडे, किशोरी मॅडम म्हणत त्यांना सगळे, तिनं कागद मागितला. जिभेची सूज तीन दिवस उतरली नाही, म्हणून सगळा जबाब तिनं लिहूनच दिला. मनगटापासून सुरुवात केली, वाफ्यावार लिहिलं, आणि शेवटी सही केली.

आनंदीला विचारलं, तेव्हा तिनं इतक्या हळू उत्तर दिलं की लिहून घेणाऱ्याला खुर्ची पुढं घ्यावी लागली. ऑफिसात बोलायच्या मराठीत ती म्हणाली, "मी वेणी तोडायला मारलं. बोटं तुटली त्याचं मला वाईट वाटत नाही. दुसऱ्यांदा मात्र मानेवरच मारणार होते, ते मुलीनं अडवलं. हे पण लिहा."

आनंदीच्या वकिलानं नंतर कपाळावर हात मारला.

जामीन नवमीला झाला, आणि दसऱ्याला ती घरी आली. तळव्यांना पट्ट्या, त्यामुळे तिनं आयुष्यात पहिल्यांदा नवरात्रात पायात चप्पल घातली होती. घरात शिरल्यावर ती आधी देवघराशी गेली. आपण सहा दिवस नव्हतो, अखंड दिवा विझला असेल, तो दोष आपल्या माथी घ्यायचा असं तिनं वाटेत ठरवलं होतं. दिवा तेवत होता. शेजारी तेलाची बाटली, आणि घटातली रुजवण बोटभर वर आलेली.

बाबली गुरव देवळातलं सोनं लुटून तसाच आला होता. तो पायरीवर बसला, आपट्याचं पान आनंदीच्या हातात ठेवलं आणि घसा खाकरून त्यानं निरोप सांगितला. तोंडवलीची माणसं काल देवळात भेटली होती. एक बोट डॉक्टरांनी लावलंय, एक गेलं. ते म्हणतात, तक्रार आम्ही मागं घेतो, तुमची तुम्ही घ्या, आणि मुलीला नांदायला पाठवा. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणू. नाहीतर कोर्टात दहा वर्षं जातील आणि आनंदी तुरुंगात म्हातारी होईल.

"मी म्हणतंय, परत एकदा देवीक इचारूया," बाबली म्हणाला. "ह्या टायमाक सरळ इचारूया. पाठवूचां काय नाय, तां."

आनंदीनं पदराचं टोक सोडलं. त्यात ती पाकळी सुकून काळी झाली होती. तिनं ती काढून घटासमोर ठेवली. मग मागच्या दाराकडे बघून म्हणाली, "रिया, काय गो, इचारू?"

रिया मागच्या अंगणातून आली. हात कोपरापर्यंत मातीचे. कापलेले केस लक्ष्मीनं मानेशी सारखे करून दिले होते. जीभ अजून जड होती, शब्द घासत बाहेर पडत होते, त्यामुळे ती थांबत थांबत बोलली.

"देवीक कित्याक? जावचां माका आसा. माका इचार."

  दोन वर्षांपूर्वी लग्न ठरवताना आनंदीनं कौल लावला होता. झाडं पाठवतानाही. हे एवढं साधं विचारायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"जातलंस?" तिनं विचारलं.

"नाय."

"कोर्ट होतला. माका आत घालतीत कदाचित."

"मी डबो घेवन येतलंय," रिया म्हणाली. "पण जावचंय नाय."

आनंदीनं मान डोलावली. हातातलं आपट्याचं पान तिनं मुलीच्या मातीच्या हातात ठेवलं, आणि बाबलीला म्हणाली, तेंका सांग, झाला आमचां इचारून.

बाबली गेल्यावर ती लंगडत मागं गेली. शेंडे उडवलेली क्रोटनं, चिरडलेला रिओ, जे जे जगेल असं वाटलं ते रियानं आणि लक्ष्मीनं गोळा करून रस्त्याकडच्या बाजूला सहा वाफ्यांत लावलं होतं. ओळी वाकड्या होत्या. कोलियस अगदी पुढं, समुद्र तिथून चार मैल लांब. खाऱ्या पाण्याचे कॅन रिकामे करून उपडे ठेवले होते.

डिफेनबेकियाच्या कुंड्या मात्र जाळीखाली जिथल्या तिथं होत्या. लक्ष्मीनं त्या जाळायचं म्हटलं होतं. रियानं फक्त मोडका शेंडा कापून टाकला होता, आणि त्याच्या खालच्या डोळ्यातून हिरवा कोंब वर येत होता.

"ही कित्याक ठेवलंस?" आनंदीनं विचारलं.

"तेंका काय करूक सांगलेला तांच तेनी केल्यानी," रिया म्हणाली. "पोरां येतत थंय देव नको, म्हणजे झाला."

आनंदीनं झारी उचलली. पट्ट्या भिजू नयेत म्हणून रियानं ती तिच्या हातातून काढून घेतली, आणि स्वतः सहाव्या वाफ्याकडून पाणी घालायला सुरुवात केली.